छापील किमतीची पोटगी

औराद, १२ जून २०२४

खजुरीच्या लिंगम्मा विहीणबाईंना पार्वतम्माचा शरणु शरणार्थी.

पत्र बघून दचकू नका. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर विभूती हातात घेऊन मी शपथ घेतली, की खजुरीच्या बाईशी ह्या तोंडानं एक शब्द बोलणार न्हाई. तुम्हीबी तशीच घेतली. पण शपथ तोंडाची होती, हाताची न्हाई. म्हणून लिहायलेय. फोन करता येत न्हाई आन गप बसणं माझ्या बापजन्मात जमलं न्हाई. पत्र महादेवप्पा आणून देईल. तो औराद-आळंद गाडी चालवतो, आन ही सोयरीक त्यानंच जुळवली होती. तवा वाहू दे त्यालाच आता आपले कागद.

तर मुद्दा असा. जजसाहेबांनी माझ्या अमरेशला सांगितलं, तुझ्या लेकीसाठी, प्रेरणासाठी महिन्याला चार हजार दानेश्वरीच्या खात्यात भर. बरं. नवराबायकोचं जमलं न्हाई, अमरेश कोळारच्या कारखान्याजवळ खोली करून राहिला, बायकोला न्हेली न्हाई, ती रुसून माहेरी गेली ती दोन वर्षं झाली. ते त्यांचं ते बघतील. पण मला एक सांगा. बाईमाणसाला आता सरकार बस फुकट देतंय, तांदूळ फुकट देतंय, वर गृहलक्ष्मीचे दोन हजार देतंय. एवढं सरकार सांभाळायलंय, तर माझ्या लेकाच्या खिशात हात कामून? तुमच्या लेकीच्या दोन्ही हातांत लाडू, आन माझा लेक कारखान्यात उभा राहून पाय सुजवून घ्यायलाय!

दुकानातला गूळ-शेंगदाण्याचा पुडा पाठवलाय. तो प्रेरणाचा हाय. तुम्ही हात लावू नका, तुम्हाला शुगर हाय.

पार्वतम्मा


खजुरी, २३ जून २०२४

औरादच्या पार्वतम्मा अक्कांना लिंगम्माचा शरणु शरणार्थी.

पत्र मिळालं. वाचून आनंद झाला. भांडणात तुमचा हात एवढा सुंदर चालतो हे ठाऊक नव्हतं. गूळ-शेंगदाणे मी खाल्ले न्हाईत. आमच्या सिद्धलिंगप्पांनी खाल्ले. नवऱ्याला माझ्या शुगर न्हाई, नुसती जीभ हाय. उरलेले प्रेरणानं खाल्ले.

अक्का, रागावू नका, पण ते दोन हजार दानेश्वरीला मिळतेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? रेशन कार्डावर घरची प्रमुख बाई जी असते तिला ते मिळतेत. दानेश्वरीचं आन प्रेरणाचं नाव अजून औरादच्या कार्डावर हाय. त्या कार्डावर प्रमुख कोण? पार्वतम्मा. दर महिन्याला दोन हजार कुणाच्या खात्यात पडतेत? पार्वतम्माच्या. लाडू कुणाच्या हातात हायत ते जरा मूठ उघडून बघा. आन तांदूळ तुम्ही चौघांचा उचलता, घरात माणूस एक. एवढा भात पचतो म्हणजे तब्येत चांगली हाय, बसवण्णांची कृपा.

आता काम सांगते. दानेश्वरी आळंदला शिवणकामाला जातीया. तिथं शाळेजवळ तिनं एक खोली बघितलीय. भावजयीच्या चुलीवर किती दिवस चहा मागून प्यायचा? घरात उघड कुणी बोलत न्हाई, पण भांडी आपटायचा आवाज वाढलाय. तिचं स्वतःचं कार्ड झालं तर तांदूळ आला, ते दोन हजार आले, प्रेरणाची पोटगी आली. मग मायलेकी दोघी कुणाच्या मिंध्या न होता राहतील. पण तुमच्या कार्डावरून नावं कमी झाल्याबिगर तिचं कार्ड निघत न्हाई. प्रमुख तुम्ही, तवा अंगठाबी तुमचाच लागतो.

तेवढं तहसीलला जाऊन या. हात जोडून सांगायलेय. तोंडानं न्हाई, लिहून.

लिंगम्मा


औराद, ५ जुलै २०२४

लिंगम्मा विहीणबाई,

चौघांचा भात मी एकटी गिळते म्हणता? ह्या म्हातारीचं पोट काय गोदाम हाय? घ्या तुमचा तांदूळ! ह्याच गाडीत दोन पिशव्या घातल्यात. तपासून घ्या, नाहीतर म्हणाल खडे घातले.

पण नाव कमी करणार न्हाई. एकदा सांगितलं, दहांदा सांगते, न्हाई म्हणजे न्हाई. दानेश्वरीचं म्हणाल तर बाई, ती तिच्या पायानं गेली, तिचं नाव उद्या काढते. प्रेरणाचं काढणार न्हाई. मालक गेले. लेक कोळारला, पंधरा दिवसाला तोंड दाखवतो, तेबी मोबाईलात घातलेलं. घरात मी आन दुकानातली मांजर. ते कार्ड उघडलं की चार नावं दिसतेत, मला तेवढंच बरं वाटतंय. उद्या कार्डावरून नात गेली की परवा तुम्ही म्हणणार, कोण औरादची अज्जी, आम्ही वळखत न्हाई. मला ठाऊक हाय लोक कसे असतेत.

दोन हजाराचं म्हणाल तर ते मी घेतले, घेते, आन घेणार. सरकारला मी प्रमुख दिसले म्हणून दिले. अमरेशला जन्मात कधी दिसले न्हाई.

पार्वतम्मा


खजुरी, २६ जुलै २०२४

पार्वतम्मा अक्कांना शरणु.

तांदूळ पोचला. खडे न्हाईत. एक दुकानाची किल्ली निघाली, ती परत पाठवलीय.

नावाचं तुम्ही लिहिलं ते वाचलं. मी बी आई हाय, अज्जी हाय. त्यावर आज काही बोलत न्हाई. कारण दुसराच घोळ झालाय.

मी आळंदला कार्डाची चौकशी करायला गेले होते. तहसीलच्या दारात झेरॉक्सवाला बसतो. फॉर्म तोच देतो, भरून तोच देतो, आत साहेबाचा मूड कसा हाय तेबी तोच सांगतो. सगळा तालुका त्यालाच विचारतो, आत कोण जातंय? त्यानं दानेश्वरीचं सगळं ऐकून घेतलं आन कपाळाला हात लावला. म्हणाला, "मावशी, कोर्टाचे पैसे दर महिन्याला बँकेत पडतेत? मग ती कमाई झाली. शिवणकामाचा पगार आन हे मिळून हद्दीच्या वर जातंय. गरिबाचं कार्ड विसरा."

म्हणजे बघा अक्का. बापानं पैसे दिले तर सरकार देणार न्हाई. बापानं न्हाई दिले तर सरकार देणार. लेकराला दोघांचं मिळून पोट भरायचं, तर एकानं दिलं की दुसरा हात मागं घेतो. घरी येईपर्यंत माझं डोकं फुटायची पाळी आली. दानेश्वरीला अजून सांगितलं न्हाई. खोलीला पडदे शिवायलीय ती.

लिंगम्मा


औराद, ४ ऑगस्ट २०२४

माझ्या गुणाच्या विहीणबाई लिंगम्मा,

एवढ्या साध्या गोष्टीला कपाळ कामून बडवायलाव? पार्वतम्मा मेली का?

बँकेत पैसे पडले तर कमाई. आन पिशवीतून डाळ आली तर? ती काय कमाई? ती डाळ! कोणत्या सरकारनं डाळीची पासबुकात नोंद केलीय? ऐका. अमरेशला मी सांगते, की बाबा तू बँकेत भरू नको, दर महिन्याला रोख माझ्या हातात दे, मी खजुरीला पोचवते. तो आईला प्रश्न विचारत न्हाई, त्याला कुणालाच काही विचारायचा कंटाळा हाय. त्या पैशात मी दुकानातून तूर डाळ, गोडं तेल, साबण, वह्या, बिस्किट, लेकराला फ्रॉक, सगळं महादेवप्पाच्या गाडीत घालते. बँकेत काही दिसणार न्हाई. झेरॉक्सवाला खूश, सरकार खूश, लेकराचं पोट भरलेलं. दानेश्वरीला सांगू नका, ती नाकासमोर चालणारी पोरगी हाय, घोळ घालेल. डाळ तुम्ही आणली म्हणा, पैसे कार्डामुळं थांबलेत म्हणा.

आन हो, नावाचंबी बघते. उद्याच तहसीलला जाते. तुम्ही एवढ्या पेचात असताना मी आडवी पडले असं कुणी म्हणायला नको.

डोकं लागतंय विहीणबाई, डोकं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गल्ल्यावर तीस वर्षं बसलेय.

पार्वतम्मा


खजुरी, २९ सप्टेंबर २०२४

पार्वतम्मा अक्कांना शरणु.

दुसऱ्या महिन्याच्याबी पिशव्या पोचल्या. महादेवप्पा म्हणतो, ड्रायव्हरच्या शीटमागं आता माणूस बसायला जागा न्हाई, आन गाडीला साबणाचा वास येतोय.

दोन गोष्टी लिहायच्या हायत. रागावू नका.

पहिली. पिशवीतल्या चिठ्ठीवर तुम्ही एकेका जिनसाची किंमत लिहून चार हजाराचा मेळ घातलाय. तूर डाळ छापील किमतीनं लावली! तेल छापील किमतीनं! अहो, तुम्हाला ती डाळ घाऊक पडते ना? नातीच्या पोटगीत कुणी नफा काढतंय काय? आन तूर डाळ कुणाला पाठवायलाव, गुलबर्ग्याकडच्या माणसाला! आमच्या शेतात काय पिकतं असं वाटतंय तुम्हाला? दारात तुरीचं पोतं हाय आन मी पोरीला सांगायलेय, ही डाळ मी बाजारातून आणली. ती माझ्याकडं अशी बघते की हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसरी. बँकेतले पैसे तुम्ही दुसऱ्याच दिवशी थांबवले. अंगठा मात्र अजून तहसीलला पोचला न्हाई. खोलीवाला विचारायलाय, येणार का न्हाई. काय सांगू?

लिंगम्मा


औराद, ७ ऑक्टोबर २०२४

लिंगम्मा विहीणबाई,

दुकान चालवते, धर्मशाळा न्हाई. छापील किंमत सगळ्या गिऱ्हाइकाला सारखीच. नातीसाठी वर एक बिस्किटचा पुडा फुकट असतो, तो मोजला न्हाई तुम्ही.

अंगठ्याचं विचारलं. गेले होते बाई. पहिल्यांदा गेले तर सर्वर बंद. दुसऱ्यांदा गेले तर अमावस्या, म्हणून दारातून परत आले. तिसऱ्यांदा मशीनवर अंगठा ठेवला तर उठेना. मिरच्या कुटून कुटून रेघा गेल्यात म्हणे. आता मी काय करू, नवा अंगठा लावू?

दसरा झाला की जाते. न्हाईतर दिवाळी झाली की.

प्रेरणाचे दात पडायलेत असं महादेवप्पा म्हणाला. वरचे का खालचे?

पार्वतम्मा


औराद, ८ डिसेंबर २०२४

लिंगम्मा,

तुमचं उत्तर आलं न्हाई. त्याच्याऐवजी पोलीस आला.

कोळारला, कारखान्याच्या गेटावर, सगळ्या लोकांसमोर माझ्या अमरेशच्या हातात कोर्टाची नोटीस! चार महिने पोटगी भरली न्हाई, हजर व्हा, न्हाईतर तुरुंग. लेक माझा पांढराफटक पडला. रात्रीची पाळी सोडून घरी आला, म्हणाला, "अव्वा, मी तर दर महिन्याला तुझ्या हातात दिले. तू काय केलीस?" त्या पोरानं मला जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारला.

डाळ खाल्लीत, तेल खाल्लंत, साबणानं अंग धुतलंत आन वर पोलीस धाडलात? विहीण अशी असती व्हय? पावती न्हाई, बँकेत नोंद न्हाई, कोर्टात काय दाखवू, प्रेरणाचे गाल? जानेवारीत तारीख हाय. माझा लेक तुरुंगात गेला तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. आन बोलेन बी. मोडू दे शपथ.

पार्वतम्मा


खजुरी, १४ डिसेंबर २०२४

पार्वतम्मा अक्का,

देवाशपथ सांगते, पोलीस मी धाडला न्हाई, दानेश्वरीनंबी न्हाई. तिच्या वकिलानं खातं बघितलं, चार महिने एक रुपया न्हाई, म्हणून त्यानं आपणहून कोर्टात कागद टाकला. त्याचं बी खरंच हाय. तो पासबुक बघतो, डाळीचा डबा कामून उघडून बघेल?

इथं वेगळंच झालंय. दानेश्वरी म्हणायलीय, "बघ अव्वा, हा माणूस लेकराचाबी झाला न्हाई." ती गुमान रडते आन मशीन चालवते. तिला खरं सांगावं तर डाळीचं सगळं बाहेर येतंय. न सांगावं तर तुमचा निरपराध लेक आत जातोय. कोर्टात "काही मिळालं न्हाई" म्हणलं तर कार्ड वाचतंय. "मिळालं" म्हणलं तर कार्ड गेलं, खोली गेली, माझी लेक जन्मभर भावजयीच्या हाताखाली. मला दोन घास जाईनात.

वरचे दोन दात पडलेत. खालचा एक हलतोय.

लिंगम्मा


औराद, २२ जानेवारी २०२५

माझ्या लिंगम्मा विहीणबाईंना पार्वतम्माचा मनापासून शरणु.

कोर्टातून येऊन आठवडा झाला, रोज कागद घेते आन ठेवते. आज लिहूनच टाकते.

गाडीत कंडक्टरनं शून्याचं तिकीट दिलं तवाच वाटलं, आज माझी किंमत हीच. कोर्टात उभी राहिले. अमरेश म्हणाला, अव्वाच्या हातात दिले. सगळं कोर्ट माझ्याकडं बघायलं. मी म्हणलं, साहेब, मी डाळ पाठवली. तुमचा वकील हसला. जजसाहेब म्हणाले, "पोचली का न्हाई ते त्या बाईंना विचारा की." आन मी येडी काय बोलले? "साहेब, त्यांच्याशी माझं बोलणं न्हाई, तुम्हीच विचारा." साहेब म्हणाले, "बोलणं न्हाई तर एवढं सगळं ठरवलंत कसं?" मी म्हणलं, लिहून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग तुम्ही उठलात. मला वाटलं संपलं, आता ही म्हणणार, काही मिळालं न्हाई. मी तुमच्या जागी असते तर म्हणले असते. खोटं कामून सांगू? आन तुम्ही पदर सावरून म्हणालात, "सगळं मिळालं साहेब. वेळेवर मिळालं. महाग मिळालं, पण मिळालं." कार्ड जाणार हे ठाऊक असून म्हणालात. लेकीकडं न बघता म्हणालात. विहीणबाई, तवा मला भर कोर्टात तुमचे पाय धरावं वाटलं.

साहेबांनी सगळी डाळ अज्जीची भेट म्हणून धरली! म्हणजे मी छापील किंमत लावून केलेली हुशारी धुऊन गेली. अमरेशचे पैसे गल्ल्यातच होते, ते सगळेच्या सगळे त्याच दिवशी बँकेत भरले. लेक सुटला. बरं झालं.

पण तुमच्या कार्डाचं काय हो? मला झोप न्हाई.

पार्वतम्मा


खजुरी, ९ फेब्रुवारी २०२५

पार्वतम्मा अक्कांना शरणु.

दानेश्वरी कोर्टातून आली ती चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. पाचव्या दिवशी बोलली, ते न बोलती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही दोघी म्हाताऱ्या माझा संसार पिशवीतून चालवायलाव आन मलाच पत्ता न्हाई!" मग उठली, तयार झाली, मला घेऊन आळंदला गेली. झेरॉक्सवाल्यानं "ताई, ताई" केलं. तिनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. सरळ आत, साहेबांसमोर. मी दारात उभी.

साहेबांनी कोर्टाचा कागद वाचला. म्हणाले, "हे पैसे लेकराच्या खाण्याचे, शाळेचे. तुझी कमाई तू शिवतेस ती. ती हद्दीच्या आत हाय. अर्ज कर, मी बघतो. असं कुणी सांगितलं तुला, की बापानं पैसे दिले तर कार्ड मिळत न्हाई?"

दानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

अक्का, एवढी डाळ, एवढा साबण, पोलीस, कोर्ट, सगळं आपण एका झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर केलं! आत जाऊन विचारायला कुणाच्या बापाची भीती होती?

आता एकच अडलंय. नावं औरादच्या कार्डावर हायत. साहेब म्हणाले, तिथून कमी झाल्याबिगर हात बांधलेले. मी मागत न्हाई. मागायचं ते एकदा मागून झालं. तुमच्या जिवाला काय होतंय ते मला ठाऊक हाय.

लिंगम्मा


औराद, ३ मार्च २०२५

लिंगम्मा विहीणबाईंना शरणु.

कमी केली. दोन्ही.

सर्वर कधीच बंद नव्हता बाई. अमावस्याबी नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक हाय.

आज सकाळी अंघोळ करून, इष्टलिंगाची पूजा करून गेले. कंप्युटरवाला पोरगा विचारतो, "अज्जी, नाव कमी करायचं कारण काय? मयत का लग्न?" माझ्या अंगाची लाही झाली. म्हणलं, मुडद्या, सात वर्षांचं लेकरू हाय ते, मयत म्हणतोस? जीभ झडेल तुझी! बिचारा घाबरला, म्हणाला, "आमच्याकडं दोनच येतेत अज्जी, तिसरं बघतो." खाली खाली जाऊन त्यानं शोधलं, वेगळं राहणं. मी म्हणलं, तसं न्हाई, लिही, की आईकडं हाय, खुशाल हाय. तो म्हणाला, एवढी जागा न्हाई.

मला वाटलं आता तरी अंगठा उठणार न्हाई. पहिल्याच दाबाला उठला.

कार्डावर आता दोन नावं हायत. तांदूळ निम्मा झाला. माझे दोन हजार तेवढे राहिले. घरी आले, मांजराला दूध घातलं, दुकान उघडलं न्हाई. रडले. तुम्हाला सांगायला काय लाज.

खोलीला पडदे लागले का?

पार्वतम्मा


खजुरी, १४ एप्रिल २०२५

पार्वतम्मा अक्कांना लिंगम्माचा शरणु शरणार्थी.

दानेश्वरीचं कार्ड झालं. प्रमुख दानेश्वरी, मुलगी प्रेरणा. तिनं ते हातात घेतलं आन उलटून पालटून बघायली. मागच्या सोमवारी खोलीत राहायला गेल्या दोघी. पहिला चहा तिनं मलाच दिला. साखर घातली न्हाई, तरी गोड लागला. अमरेश वेळेवर भरतोय. दोघांचं काही जुळलं असं समजू नका, ती त्याचं नाव काढत न्हाई, आन मी विचारत न्हाई.

शाळेला सुट्टी लागली. प्रेरणाला महिनाभर औरादला पाठवायचं ठरलंय. मी सुचवलं न्हाई, खोटं श्रेय घेणार न्हाई. दानेश्वरीच म्हणाली, "सासूनं नाव काढून दिलं तर मी लेकरू कोंडून ठेवू व्हय?" सिद्धलिंगप्पा शनिवारी महादेवप्पाच्या गाडीनं सोडायला येतील. त्यांना शेंगदाणे देऊ नका.

पोरगीला भरवा. आळंदला गेल्यापासून वाळलीय.

लिंगम्मा


औराद, २० एप्रिल २०२५

लिंगम्मा विहीणबाई,

पोरगी पोचली. सिद्धलिंगप्पांना चहा पाजून लगेच परतीच्या गाडीत बसवलं.

लेकरू दारात आलं आन पायरीवरच थांबलं. चप्पल काढेना. मी म्हणलं, ये की माझी माय, लाजतीस कामून? तर माझ्याकडं बघून हळूच विचारते, "अज्जी, माझं नाव आता हितल्या कार्डावर न्हाई ना? मग मला हितं जेवायला मिळतंय का?"

विहीणबाई, काय सांगू. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मला हुंदका फुटला. आपण वर्षभर त्या लेकराच्या देखत कार्ड, नाव, कार्ड, नाव केलं. त्यानं काय समजायचं? गिऱ्हाइकांना तसंच सोडलं, शटर खाली ओढलं. पाट मांडला, भात, तूप, वरण, आन वर भजी तळली. एकेक घास तोंडात घालायले तर म्हणायली, मी मोठी झाले अज्जी, माझं मी जेवते. दोनदा भात घेतला. पुढचा दात आलाय, भजं कुरकुर वाजवून खाल्लं.

हात धुतला, माझ्या पदराला पुसला आन परत विचारते, "उद्या पण मिळतंय?"

रोज, म्हणलं.

पार्वतम्मा